साथीच्या काळातली मदत आणि आपलं स्थितीकरण



आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या व्यापारात आहे. किराणा, कापड, भांडी, आडत, सोनं-चांदी, नाहीतर शेतीबरोबर एखादं छोटं दुकान. त्यामुळे २०२० च्या मार्चमध्ये देशभर शटर खाली आली तेव्हा आपल्यापैकी बहुतेक घरांत एकच प्रश्न होता, दुकान किती दिवस तग धरेल? त्या दोन वर्षांत सरकारने आणि बँकांनी छोट्या व्यावसायिकांना मदत केली, पण ती नेमकी कशी होती, कुणाला मिळाली आणि कोण बाहेर राहिलं, हे आपण बायका फारसं बोलत नाही. 'ते पुरुषांचं बघायचं' म्हणून सोडून देतो. हा इतिहास अगदी अलीकडचा आहे, तोवर लिहून ठेवावा असं वाटलं.

सुरुवात थोडी मागून करते. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी म्हणजे धान्याची गोदामं, पेढ्या, वखारी. तिथे कच्छी-गुजराती व्यापाऱ्यांची दाट वस्ती होती, त्यात जैनही पुष्कळ. लोक लाखोंनी मुंबई सोडून गावाकडे गेले आणि बाजार ओस पडला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. जेमतेम पानभराचा कायदा, पण घरात शिरून तपासणी करण्याचे, माणसांना वेगळं ठेवण्याचे अधिकार त्यातून मिळाले. पुण्यात त्या झडत्यांनी लोक किती संतापले ते आपण शाळेत शिकलोच आहोत. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. लोकमान्य टिळकांनी पुण्यात रुग्णालय काढलं, निरनिराळ्या जातीजमातींनीही आपापली रुग्णालयं उभारली. म्हणजे औषधपाण्याची सोय समाजाने केली. बंद पडलेल्या पेढीचं काय करायचं ते मात्र ज्याचं त्याने बघायचं होतं. भाऊबंद, व्याही, ओळखीचा सावकार, एवढाच आधार.

हाच १८९७ चा कायदा महाराष्ट्र सरकारने १३ मार्च २०२० पासून लागू केला. सव्वाशे वर्षांनी कायदा तोच निघाला, पण एक फरक होता. या वेळी दुकान बंद करा म्हणणाऱ्या सरकारकडून दुकानदाराने काहीतरी अपेक्षा धरली होती.

पहिली मदत आली ती पैशांची नव्हती, मुदतीची होती. २७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने मार्च ते मे असे तीन महिने कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा बँकांना दिली. मग २२ मे रोजी ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. लोक तिला मोरेटोरियम म्हणू लागले. त्याआधी २४ मार्चला जीएसटीची विवरणपत्रं जूनअखेरपर्यंत भरायची सवलत मिळाली होती, आणि ५ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना त्यावर व्याज, दंड, विलंबशुल्क नव्हतं. छोट्या व्यापाऱ्याला मुदतीची किंमत कळते. माल विकला जाईपर्यंतची मुदत, वसुली येईपर्यंतची मुदत, सगळा धंदा त्यावरच चालतो.

पण हप्ता थांबला तरी व्याज थांबलं नव्हतं. इथे माझं बी.कॉम. जरा कामाला आणते. समजा दुकानावर १० लाखांचं कर्ज आहे, व्याज १२ टक्के. सहा महिने काहीच भरलं नाही तर सरळव्याज होतं ६०,००० रुपये. तेच दरमहा मुद्दलात मिळवत गेलो, म्हणजे चक्रवाढ लावलं, तर होतात साधारण ६१,५२० रुपये. वरचे जे १,५२० रुपये आहेत ते व्याजावरचं व्याज. गजेंद्र शर्मा नावाचे आग्र्याचे एक चष्माविक्रेते हा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं, हप्ता पुढे ढकला असं तुम्हीच सांगता आणि त्या काळाचं व्याजही घेता, मग सवलत कसली? २०२० च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने २ कोटींपर्यंतच्या कर्जांवरचा हा चक्रवाढ आणि सरळव्याजातला फरक स्वतः भरायचं ठरवलं, आणि ज्यांनी मोरेटोरियम न घेता नियमित हप्ते भरले त्यांनाही तो मिळाला. पुढे २३ मार्च २०२१ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की त्या सहा महिन्यांचं चक्रवाढ किंवा दंडव्याज लहानमोठ्या कुठल्याच कर्जदाराकडून घेता येणार नाही. मात्र संपूर्ण व्याज माफ करायला नकार दिला.

पाहा, वर्षभर गाजलेल्या या प्रकरणात १० लाखांच्या कर्जदाराच्या खात्यात दीड हजार रुपये आले, ६०,००० तसेच राहिले. तरी मला तो चष्मेवाला मोठा वाटतो. संकटाच्या काळात व्याजावर व्याज चढवू नये ही गोष्ट जुने सावकारही कुठेतरी पाळत होते, ती त्यांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाकडून लिहून घेतली.

दुसरी मदत मोठी होती. १३ मे २०२० रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ३ लाख कोटी रुपयांची तातडीची कर्जहमी योजना जाहीर केली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी तुमचं जेवढं कर्ज शिल्लक असेल त्याच्या २० टक्के रक्कम बँकेने नव्याने द्यायची. वेगळं तारण नाही, हमी सरकारची. मुदत चार वर्षं, त्यातलं पहिलं वर्षभर मुद्दल भरायचं नाही. बँकांना ९.२५ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावायला मनाई. म्हणजे १० लाख कर्ज असलेल्या दुकानदाराला आणखी २ लाख, नोकरांचे पगार, भाडं, वीजबिल, नवा माल यासाठी. पुढे योजनेची व्याप्ती वाढत गेली, मर्यादा ५ लाख कोटींपर्यंत नेली आणि ती मार्च २०२३ पर्यंत चालली. स्टेट बँकेच्या संशोधन विभागाने जानेवारी २०२२ मध्ये अंदाज मांडला की या योजनेमुळे सुमारे १३.५ लाख खाती बुडीत होण्यापासून वाचली. काम झालं, यात शंका नाही.

पण अट नीट वाचा. नवं कर्ज हे जुन्या कर्जाच्या २० टक्के. ज्याचं जुनं कर्जच नाही त्याला शून्याचे २० टक्के, म्हणजे शून्य!

आपल्या घरांतून कर्ज न काढणं हा केवढा अभिमानाचा भाग आहे. 'आमच्या दुकानावर एक पैशाचं कर्ज नाही' हे वाक्य मुलगी देताना-घेताना सांगितलं जातं. अंथरूण पाहून पाय पसरावेत, परिग्रहाला आवर घालावा, हे आपले संस्कार. ते वागणं चूक नव्हतंच. पण २०२० च्या योजनेत बँकेच्या वहीत ज्याचं पान होतं त्यालाच ओळख होती. जो स्वतःच्या बचतीवर, घरच्यांच्या उसनवारीवर चालत होता, तो योजनेला दिसलाच नाही. त्याच्यासाठी तारणाशिवाय कर्जाच्या इतर योजना होत्या, पण त्यांना नवा अर्ज, कागदपत्रं, बँकेची पायरी चढणं आलं, आणि तेही सगळं बंद असताना.

फेरीवाल्यांसाठी मात्र १ जून २०२० ला वेगळी योजना आली, पीएम स्वनिधी. भाजीवाली, फुलवाली, चहावाला यांना वर्षभरासाठी १०,००० रुपयांचं खेळतं भांडवल, विनातारण. वेळेवर फेडलं तर व्याजात ७ टक्के सवलत, आणि पुढच्या वेळी २०,००० व नंतर ५०,००० रुपयांचं कर्ज. ज्यांचं बँकेत पान नव्हतं त्यांचं पान उघडणारी ही योजना, म्हणून मला ती महत्त्वाची वाटते. थेट रोख मदतही काही जणांना मिळाली. जनधन खातं असलेल्या बायकांना एप्रिल ते जून २०२० दरमहा ५०० रुपये आले. महाराष्ट्रात दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, ५ लाख नोंदणीकृत फेरीवाल्यांना आणि १२ लाख परवानाधारक रिक्षाचालकांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर झाले. 'नोंदणीकृत' आणि 'परवानाधारक' हे दोन शब्द इथेही लक्षात ठेवा.

इतर देशांत काय झालं याची थोडी तुलना करू. अमेरिकेत छोट्या व्यवसायांना पगारासाठी कर्ज दिलं आणि माणसं कामावर ठेवली तर ते कर्ज माफ केलं. ब्रिटनमध्ये घरी बसवलेल्या कामगाराचा ८० टक्क्यांपर्यंत पगार ठरावीक मर्यादेत सरकारने दिला. आपल्याकडे मुख्य भर कर्जावर आणि मुदतीवर राहिला. एवढ्या मोठ्या देशाची तिजोरी पाहता त्याची कारणं समजतात. पण म्हणूनच आपल्याकडे कोण कर्ज घेऊ शकतं हाच खरा प्रश्न ठरला.

आता आपल्या बायकांकडे येते. पापड, कुरडया, मसाले, सुकी भाजी, चातुर्मासात लागणारे सोवळ्यातले जिन्नस, घरी बसून साड्या विकणं, ब्लाउज शिवणं. हे सगळे धंदेच आहेत, पण आपण त्यांना 'हातखर्चाचं' म्हणतो. हिशेब वहीच्या मागच्या पानावर. टाळेबंदीत सण, लग्नं, उपवासाची उद्यापनं थांबली तेव्हा हे धंदे आधी बसले आणि कुठल्याच आकडेवारीत आले नाहीत. १ जुलै २०२० पासून 'उद्यम' नोंदणी सुरू झाली. आधार आणि पॅनवर ती घरबसल्या होते आणि तिला एक पैसा शुल्क नाही. २०२० च्या त्या नियमानुसार १ कोटीपर्यंत गुंतवणूक आणि ५ कोटींपर्यंत उलाढाल असेल तर तुम्ही 'सूक्ष्म उद्योग' ठरत होता. म्हणजे पापडवाली काकूसुद्धा त्यात बसते. गंमत म्हणजे किरकोळ आणि घाऊक व्यापारी २०१७ पासून या वर्गातून बाहेर होते. साथीचं सव्वा वर्ष उलटल्यावर, जुलै २०२१ मध्ये, त्यांना पुन्हा घेतलं, तेही बँकांच्या प्राधान्य कर्जापुरतं.

सरकार पानावर लिहिलेल्यालाच ओळखणार, ती त्याची मर्यादा आहे. जो पानावर नाही त्याला ओळखायचं काम शेजाऱ्याचं, समाजाचं. इथे मला आपला धर्म आठवतो. सम्यग्दर्शनाची आठ अंगं आपण लहानपणापासून पाठ केली. त्यातलं स्थितीकरण म्हणजे डळमळणाऱ्याला पुन्हा स्थिर करणं. वात्सल्य म्हणजे साधर्मीवर गायीचं वासरावर असावं तसं प्रेम. उपगूहन म्हणजे दुसऱ्याचं उणं झाकणं, त्याचा गाजावाजा न करणं. शास्त्रात हे श्रद्धेच्या आणि आचाराच्या संदर्भात आहे हे खरं, पण पोट रिकामं असताना श्रद्धाही डळमळते असं मोठी माणसं सांगत आली. अग्रोहा नगरीची दंतकथा अग्रवाल जैनांत सांगतात, की नवीन आलेल्या कुटुंबाला प्रत्येक घर एक वीट आणि एक नाणं देई. विटांचं घर झालं, नाण्यांचं भांडवल झालं. घेणारा कुणा एकाचा मिंधा झाला नाही. आणि दंतकथा नको असेल तर १९५९ सालची गिरगावातली गोष्ट घ्या. सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तेच आजचं लिज्जत. दान म्हणून घेतले नव्हते, उसने घेतले होते, हे महत्त्वाचं.

साथीत आपल्या मंदिरांनी, मंडळांनी धान्याची किट वाटली, जेवणं पोचवली. आहारदान, औषधदान मनापासून झालं. पण दुकानदार बाई रांगेत उभी राहून किट घेत नाही. तिला किट नको असतं, पुढच्या मालाचे १५,००० रुपये हवे असतात, आणि ते मागतानाही तिची मान खाली जाते. तिच्यासाठी आपल्याकडे सोय नव्हती.

म्हणून दोन गोष्टी सुचवते. एक, ज्या घरून काही विकतात त्यांनी वहीचं मागचं पान सोडून पुढच्या पानावर हिशेब लिहावा, उद्यम नोंदणी करावी, आणि विक्रीचे पैसे स्वतःच्या बँक खात्यातून फिरवावेत. दोन, प्रत्येक महिला मंडळाने पर्युषणातल्या दानाचा एक भाग 'स्थितीकरण निधी' म्हणून बाजूला ठेवावा. त्यातून १०-२० हजार बिनव्याजी द्यावेत, पहिले सहा महिने हप्ता मागू नये, आणि घेणारीचं नाव दोन विश्वस्त बायकांशिवाय कुणाला कळू नये. फलकावर देणाऱ्यांचीही नावं नकोत. फेडलेला पैसा पुढच्या बहिणीला जाईल. हिशेब मात्र दिवाळीच्या वहीपूजनाला पै-पैशासह मांडावा.

पुढची साथ कधी येईल कुणी सांगू शकत नाही. या चातुर्मासात तुमच्या मंडळाची बैठक होईल तेव्हा हा विषय काढा, आणि काय ठरलं ते मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र.