खानदेशात दुग्धविरहित भोजन

दूध-तुपासह सर्व प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य मानणाऱ्या ‘व्हेगन’ प्रवाशाने जळगाव-धुळ्यात केवळ ‘शुद्ध शाकाहारी’ या पाटीवर विसंबू नये. शाकाहारात दुग्धजन्य पदार्थ धरले जातात. पाकिटावरील हिरव्या ठिपक्याचा अर्थही तोच. त्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये स्वतंत्र ‘व्हेगन’ चिन्ह जाहीर केले.

तथापि, तेल, शेंगदाणे, मिरची व ज्वारी यांवर उभा असलेला खानदेशी स्वयंपाक अशा प्रवाशास सोयीचा आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्यास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून लाकडी बडगीत ठेचतात व तेलाच्या फोडणीत परततात. सोबत ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी असते. काळ्या मसाल्याच्या रश्श्यातील शेवभाजीची शेव बेसनाची असते.

सावधगिरी हवी ती अन्यत्र. बट्टी व मांड्यांवर तूप वाढण्याची, तर फुणक्यांसोबत ताकाची कढी देण्याची रीत आहे. काही उपाहारगृहांत रश्श्यात लोणी वा सायही घालतात. म्हणून ‘दूध, दही, तूप, लोणी काहीच नको’ असे पदार्थ मागवतानाच सांगावे. पान वाढल्यावर तूप नाकारणे यजमानास अवमानकारक वाटू शकते.