आर्वीची तबकडी आणि आजीचा ट्रंककॉल

नारायणगावजवळची तबकडी म्हटलं की सगळ्यांना खोडदची दुर्बीण आठवते. पण त्याच्या कितीतरी आधी, १९७१ साली, जुन्नर तालुक्यातल्याच आर्वीला जवळजवळ तीस मीटर व्यासाची तबकडी उभी राहिली. देशातलं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र! विक्रम साराभाई त्याच डिसेंबरात गेले, म्हणून नाव 'विक्रम'.

त्याआधी परदेशी फोन नव्हता असं नाही. मुंबई-लंडन सेवा १९३३ पासून होती, पण शॉर्टवेव्हवर. हवामान बिघडलं की नुसती खरखर. आर्वीनंतर आवाज स्वच्छ झाला.

आता गंमत बघा. १९८० च्या दशकात काका मस्कतला होता. आजी मंचरच्या पोस्टात ट्रंककॉल लावून तासन् तास बसायची. तिचा आवाज आधी मुंबईला, तिथून मायक्रोवेव्हने बहुधा परत आमच्याच शेजारी आर्वीला, मग ३६,००० किलोमीटर वर आणि तेवढाच खाली. प्रश्न विचारून उत्तर येईस्तोवर अर्धा सेकंद जातोच. प्रकाशाचा वेग, इलाज नाही.

आजीला मात्र वाटायचं, पोरगं अडखळतंय.. काहीतरी लपवतंय. तीन मिनिटांत नीट विचारताही यायचं नाही. घरी येऊन ती जेवायची नाही.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी हे गणित शिकलो आणि सुट्टीत तिला कागदावर काढून दाखवलं. तिने बराच वेळ कागद पाहिला.

"म्हणजे तो बरा होता तर," ती म्हणाली.