दहा दिवसांचा नळ आणि गप्पी मासा

मासे पाळणे म्हटले की मराठी वाचकाला आधी मुंबई आठवते. मरीन ड्राइव्हवर 1951 मध्ये सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय, काचपेट्यांची दुकाने, दिवाणखान्यातला गोल्डफिश. या इतिहासात नांदेड-लातूरचे नाव कुणी घेत नाही. माझ्या मते ही चूक आहे. मासे जोपासायची, त्यांची पैदास करायची रीत या दोन जिल्ह्यांतही आहे, फक्त ती हौसेपोटी आलेली नाही. ती पाणीटंचाईतून आणि तापाच्या साथींतून आली, आणि तिची जागा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारातल्या सिमेंटच्या हौदात आहे. त्या हौदातला मासा म्हणजे गप्पी.

हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला आणि त्रिनिदादचा. रॉबर्ट जॉन लेक्मियर गपी यांनी त्रिनिदादहून लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला त्याचे नमुने पाठवले आणि 1866 पासून त्यांचे नाव त्याला चिकटले. डासांवर उपाय म्हणून तो 1910 च्या सुमारास भारतात आला, तर त्याचा भाऊबंद गंबुशिया 1928 मध्ये आला. त्याआधी, 1897 मध्ये, सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी पाहिले होते. सिकंदराबाद निजामाच्या राज्यात होते, नांदेडही त्याच राज्यात होते आणि 1982 मध्ये उस्मानाबादेतून वेगळा झालेला लातूरचा मुलूखही. तरी माशाचे महत्त्व पटायला पुढे कितीतरी दशके गेली, कारण मध्ये डीडीटी आले. 1953 मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, फवारणीने साथ झपाट्याने ओसरली आणि 1965 च्या सुमारास देशातले रुग्ण लाखाच्या घरात आले. मग डास औषधाला निर्ढावले. 1976 मध्ये रुग्णसंख्या 64 लाखांवर गेली. तेव्हा कुठे सरकारी यंत्रणा पुन्हा माशाकडे वळली. 1983 पासून गुजरातच्या खेडा जिल्ह्यात गप्पीसह बिनफवारणीचे उपाय करून पाहिले गेले.

पण मराठवाड्यात गप्पी टिकला तो आणखी एका कारणाने, आणि माझ्या म्हणण्याचा गाभा तोच आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात वाढत नाही. त्याला घरातले साठवलेले स्वच्छ पाणी लागते. आपल्याकडच्या उष्णतेत अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आरोग्य खाते सांगते की आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, भांडी रिकामी करा, घासा. सल्ला बिनचूक आहे, पण तो रोज नळ येणाऱ्या गावासाठी आहे. लातुरात कित्येक वर्षे नळ आठ-दहा दिवसांनी आला, टंचाईत त्याहूनही उशिरा. 2016 च्या उन्हाळ्यात तर पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावे लागले. अशा घरातल्या बाईला रांजण ओतून दे म्हणणे म्हणजे तिचे जगणे न समजणे होय. नळाच्या दोन पाळ्यांमधले अंतर आणि डासाची एक पिढी सारख्याच दिवसांची निघाली, आणि प्रत्येक बॅरल, प्रत्येक हौद डासांचे पाळणाघर झाला. अ‍ॅबेट हे अळीनाशक टाकता येते, पण ते टाकायला आरोग्यसेवकाला पुन्हा पुन्हा दारात यावे लागते. मासा मात्र हौदातच राहतो. श्वास घ्यायला वर आलेली अळी पृष्ठभागाला टेकते न टेकते तोच वरच्या बाजूला वळलेल्या त्याच्या तोंडात जाते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे, पुराव्याचा. माशांमुळे हिवतापाचे रुग्ण कमी होतात हे दाखवणारा भरवशाचा अभ्यास सापडत नाही, असे कॉक्रेन संस्थेच्या 2013 च्या आढाव्याने म्हटले. हे मान्य करायला हवे. पण तो आढावा हिवतापाबद्दल होता. इथला प्रश्न घरातल्या भांड्याचा आहे, आणि कंबोडियातल्या खेड्यांत पाण्याच्या रांजणांत गप्पी सोडल्यावर एडिसच्या अळ्या सुमारे 79 टक्क्यांनी घटल्याचे 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. पिण्याच्या पाण्यात मासा नको, ही तक्रारही रास्तच आहे. पिण्याचे भांडे लहान असते, ते फडक्याने बांधून ठेवता येते. मासा वापराच्या पाण्यात सोडावा.

पैदाशीचा हौद चालवणे अवघड नाही, पण लक्ष द्यावे लागते. नळाच्या पाण्यातले क्लोरिन माशाला मारते, म्हणून पाणी एक-दोन दिवस उघडे ठेवून मगच हौदात घालावे. सगळे पाणी एकदम कधीच बदलू नये. चौथाई काढावे आणि ते झाडांना घालावे. गप्पी 24 ते 28 अंशांत खुलतो आणि आपला मे महिना चाळिशी ओलांडतो, तेव्हा अर्ध्या हौदावर शेडनेट हवे. ते खंड्यालाही अडवते. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात. नर लहान आणि रंगीत शेपटीचा, मादी करडी आणि मोठी. पोटाच्या मागच्या टोकाशी काळा डाग गडद झाला की ती विण्याच्या बेतात आहे असे समजावे. ती अंडी घालत नाही, साधारण चार आठवड्यांनी काही डझन पिल्ले देते, आणि स्वतःच ती खातेही. म्हणून हौदात पाणवनस्पती दाट हव्यात, म्हणजे पिल्लांना लपायला जागा मिळते. खाद्य म्हणून पीठ टाकून पाणी नासवू नये.

मादी नराचे बीज कित्येक महिने साठवून ठेवते, त्यामुळे एकटी मादीही नवा हौद भरू शकते. आरोग्य खात्याला हे वरदान वाटते, पण सर्वांत गंभीर आक्षेपही इथूनच निघतो. नदीत पोचलेली अशी एक मादी पुरते. मग तिची प्रजा स्थानिक माशांची पिल्ले आणि जलकीटक फस्त करते. गप्पी-गंबुशिया उघड्या पाण्यात सोडणे थांबवा, असे जीवशास्त्रज्ञांनी 2016 मध्ये स्पष्ट लिहिले आणि ते मला पूर्ण पटते. आपल्याकडचा पंचॅक्स मासाही पाण्याच्या वरच्या थरात राहून अळ्या खातो. तो अंडी घालणारा आणि हळू वाढणारा आहे, म्हणून खात्याने त्याच्याकडे पाहिले नाही. लातूर जिल्ह्यातच, उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. पंचॅक्सच्या पैदाशीचे काम तिथे व्हायला हवे. तोवर गप्पीला हौदातून बाहेर जाऊ देऊ नये. आरोग्य केंद्रातून मासे न्या, बॅरलमध्ये, हौदात सोडा, जास्त झाले तर शेजाऱ्याला द्या. पण मांजरेत, आसनेत, गोदावरीत एकही सोडू नका.