फुगवणं

वाढवून सांगण्याला आमच्याकडं शब्दांचा तोटा नव्हता. पारावरचा माणूस तिखटमीठ लावायचा, पराचा कावळा करायचा. वीतभर सापाची सांजपर्यंत पाराला वेढा घालणारी धामण व्हायची. कुणाला राग नसे. ऐकणाराच मनात निम्मं वजा करून घेई.

'फुगवणं' मात्र निराळं. आरावर टाकलेली भाकरी फुगते, हरभरा पाण्यात फुगतो, कोवळा घास खाऊन जनावराचं पोट फुगतं. हे सगळं आपोआप. त्यात 'व' शिरला की करणारा आला: बिल फुगवणारा, बाकी फुगवणारा.

मी हा शब्द सगळ्यात जास्त ऐकला तो आणेवारीच्या दिवसांत. पिकाचा अंदाज रुपयाच्या मापात, सोळा आणे म्हणजे पुरतं पीक. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात पीक चार आण्यांच्या आत आलं तर त्या सालचा सारा तहकूब होई. १९१८ साली गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात गांधीजींनी सत्याग्रह केला, त्यातला वाद हाच. शेतकरी म्हणत, पीक चार आण्यांच्या आत. सरकार म्हणे, वर. १९५७ साली नवे पैसे आले, आणेवारीची पैसेवारी झाली, रेघ ५० पैशांवर आली. गावाच्या तोंडी आणेवारीच राहिली.

रीत कागदावर चोख. रानात चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, तोलायचं. पण खुंट्या कुठं ठोकायच्या? बांधाच्या खालच्या अंगाला, पाणी मुरतं तिथं ठोकल्या, की माळावरच्या जळक्या बाजरीलाही कागदावर कणसं यायची. आजोबा म्हणायचे, "आणेवारी फुगवली बघ." खोटी लिहिली, असं कधी म्हणाले नाहीत. आणि ते बरोबरच होतं. चौकोनातलं पीक खरं, काट्यावरचं वजन खरं. हवा भरली ती खुंट्यांनी. पण तेवढ्यानं सूट जाई, वसुली दारात येई, आणि दावणीचा एखादा बैल बाजाराची वाट धरी. पारावरच्या सापातून निम्मं वजा करता येई. दप्तरातल्या आकड्यातून कोण करणार?

उलटंही होई म्हणा. खुंट्या खडकाळ टेकाडाकडं सरकाव्यात म्हणून गावही चहापाणी करायला टपलेलं असे. तसं जमलं की त्याला मात्र कुणी नाव ठेवत नसे. म्हणायचे, "औंदा आणेवारी नीट लागली."