वाटाड्या : वेठीपासून उपग्रहापर्यंत

नाशिकहून सावळघाट ओलांडून पेठमार्गे गुजरातेत उतरणारा रस्ता आज गाड्यांनी गजबजलेला असतो, आणि चालकाला पुढचे वळण यंत्राचा आवाज सांगतो. हा नवा वाटाड्या समजून घ्यावयाचा तर आधी जुना आठवला पाहिजे.

सरकारी अंमलदार दौऱ्यावर निघाला की पुढच्या गावापर्यंत वाट दाखविणे हे महार वतनदाराचे काम समजले जाई. रात्र असो वा पाऊस, त्याने पुढे चालावयाचे. मोबदला म्हणजे बलुते आणि तुटपुंजी इनाम जमीन. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा मात्र १९५८ साली झाला.

त्याच सुमारास आकाशात दुसरा वाटाड्या जन्मास येत होता. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला. त्याच्या ध्वनिलहरींवरून नव्हे, तर रेडिओलहरींतील फरकावरून अमेरिकन शास्त्रज्ञांनी त्याची कक्षा काढली. मग उलटा विचार सुचला : उपग्रहाची जागा ठाऊक असेल तर आपली जागा काढता येईल. आरंभी हे ज्ञान आरमाराच्या कामी आले. पुढे जीपीएस व्यवस्था १९९५ साली पूर्णत्वास गेली. आपल्या 'नाविक' मालिकेतला पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून उडाला.

उपग्रह आपली जागा आणि अचूक वेळ सांगत राहतो. संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून यंत्र अंतर काढते. चार उपग्रह सापडले की स्थान ठरते. वेळेत सेकंदाच्या दशलक्षांशाची चूक म्हणजे अंतरात ३०० मीटरची चूक. घाटात कडा आडवा आला की उपग्रह झाकले जातात. आणि रात्री कोसळलेली दरड नकाशाला लगेच कळत नाही. ती चालकाच्या डोळ्यांनाच दिसावी लागते. म्हणून १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेला नियम सांगतो की, गाडी हाकताना हातातील यंत्राचा उपयोग केवळ मार्ग पाहण्यापुरता, तोही लक्ष न ढळता, करावा. आवाजाने हात मोकळे होतात; जबाबदारी मोकळी होत नाही.

आम्हां कामगार चळवळीतील माणसांना येथे आणखी एक गोष्ट दिसते. या यंत्राला मोबाईलची जोड मिळाली की ते चालकाला वाट दाखविते आणि मालकाला चालक दाखविते. पडद्यावर पोहोचण्याची वेळ झळकते. तिच्यात जेवणाचा, पाठ टेकण्याचा हिशेब नसतो. मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाचे साधारण ८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. आमचे मागणे एवढेच की, गाडी निघण्यापूर्वी मालकाने तो अर्धा तास पोहोचण्याच्या वेळेत धरावा. जुनी वेठ वाट दाखविणाऱ्याच्या मानेवर होती. ती आता वाट चालणाऱ्याच्या मानेवर बसू देता कामा नये.