शाई वाळते म्हणजे काय होते?

‘वाळणे म्हणजे काय?’ असा प्रश्न वर्गात विचारला तर बहुतेक मुले ‘पाणी उडून जाणे’ असे उत्तर देतील. दोरीवरच्या कपड्यांसाठी हे उत्तर बरोबर आहे. शाईच्या बाबतीत मात्र ते अपुरे पडते. छपाईच्या इतिहासात शाई वाळवण्याचा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला आणि दर वेळी त्याचे उत्तर वेगळे निघाले.

बोरूने लिहायची शाई म्हणजे काजळी, डिंक आणि पाणी. पाणी काही कागदात मुरे, काही हवेत जाई आणि काजळी डिंकाने कागदाला चिकटून राही. पंधराव्या शतकाच्या मध्यास जर्मनीतील माइन्झ येथे गुटेनबर्गने धातूचे खिळे वापरून छपाई सुरू केली, तेव्हा ही शाई निरुपयोगी ठरली. धातूवर पाणी पसरत नाही, त्याचे थेंब होतात. म्हणून जवसाच्या तेलात रंगद्रव्य खलून घट्ट शाई तयार झाली. हे तेल उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेते, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि कडक पापुद्रा तयार होतो. म्हणजे येथे वाळताना शाईतून काही जाण्याऐवजी तिच्यात भर पडते!

पण या क्रियेला तास न् तास लागतात. वर्तमानपत्राला एवढा वेळ कुठला? तेथे खनिज तेलाची शाई कागदात नुसती मुरू दिली गेली. ती खऱ्या अर्थाने वाळतच नाही, म्हणून पेपर वाचून बोटे काळी होतात. गुळगुळीत कागदावरच्या मासिकांसाठी कागद गरम हवेच्या भट्टीतून नेऊन लगेच थंड रुळांवरून फिरवण्याची पद्धत आली.

विसाव्या शतकात इंकजेट आले आणि प्रश्न अधिक अवघड झाला. द्रवाची धार थेंबांत का तुटते, याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १८७८-७९ च्या सुमारास मांडले होते. स्वीडनमधील रूने एल्मक्विस्ट यांना १९५१ मध्ये शाईच्या बारीक धारेने आलेख काढणाऱ्या उपकरणाचे पेटंट मिळाले. हृदयाच्या विद्युत-आलेखासाठी असे उपकरण वापरले गेले. १९७७ मध्ये जपानच्या कॅनन कंपनीत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेली डाख देण्याची सळई चुकून लागली आणि शाई बाहेर उडाली. यातून उष्णतेने बुडबुडा तयार करून थेंब फेकण्याची कल्पना निघाली. अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड कंपनी त्याच कल्पनेपर्यंत स्वतंत्रपणे पोचली आणि १९८४ मध्ये तिने ‘थिंकजेट’ हे यंत्र बाजारात आणले.

आता अडचण पाहा. शाई ज्या छिद्रातून बाहेर पडते ते केसापेक्षाही बारीक असते. तेथे शाई वाळली तर छिद्र बुजते. म्हणून शाईत ग्लायकॉलसारखे सावकाश उडणारे द्रव घालावे लागतात. पण तीच शाई कागदावर पडताक्षणी वाळायला हवी! थिंकजेटला चांगल्या छपाईसाठी खास लेप दिलेला कागद लागे. साध्या कागदावर नीट छापणारे ‘डेस्कजेट’ त्याच कंपनीने १९८८ मध्ये आणले.

मग सरळ उष्णता का देऊ नये? एक ग्रॅम पाणी २० अंशांवरून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला ८० कॅलरी लागतात, पण त्याची वाफ करायला आणखी सुमारे ५४० कॅलरी लागतात. एवढी उष्णता घाईने दिली तर कागदाचा नेहमीचा ओलावाही निघून जातो. मग कागद आक्रसतो, वाकतो, ठिसूळ होतो. फलकांसाठी वापरले जाणारे पीव्हीसी तर सुमारे ८० अंशांनाच मऊ पडू लागते.

शिवाय उष्णता सगळीकडे सारखी शोषली जात नाही. काळा आणि पांढरा असे दोन सारखे ओले रुमाल उन्हात ठेवून हे मुलांना दाखवता येईल. छापलेल्या कागदावर अवरक्त किरण टाकले तर काजळीची काळी शाई पटकन तापते, रंगीत शाया मागे राहतात. म्हणून वेगवान यंत्रांत अवरक्त किरणांच्या जोडीला गरम हवेचे झोतही वापरतात. हे झोत कागदालगतचा दमट हवेचा थर हलवतात आणि बेताच्या तापमानातही शाई वाळते. पावसाळ्यात घरातले कपडे पंख्याखाली वाळवताना आपण हेच करतो.

एवढे करूनही रंग एकसारखा बसेलच असे नाही. कोऱ्या कॉफीचा थेंब काचेवर वाळू द्या. मधला भाग फिका आणि कडेला गडद कडे दिसेल. याचे कारण शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट डीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले. थेंबाची कड पृष्ठभागाला धरून राहते आणि तेथे बाष्पीभवन जलद होते. ती तूट भरायला मधला द्रव कडेकडे वाहतो आणि कण सोबत नेतो. २०११ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की गोल कणांऐवजी लांबट कण घेतले तर ते थेंबाच्या पृष्ठभागावर एकमेकांत अडकतात आणि डाग बराच एकसारखा पडतो. न शोषणाऱ्या पृष्ठभागावर छापताना हे ज्ञान फार मोलाचे ठरते.

दुसरा मार्ग पुन्हा गुटेनबर्गच्या शाईची आठवण करून देतो. अतिनील किरणांनी घट्ट होणाऱ्या शाईतून काही उडून जावे लागत नाही. किरण पडताच तिचे रेणू क्षणात जोडले जाऊन बहुवारिक बनते. पाऱ्याच्या दिव्यांतून अतिनील किरणांबरोबर बरीच उष्णताही येई. एकविसाव्या शतकात आलेल्या एलईडी दिव्यांनी ती पुष्कळ कमी केली आणि पातळ प्लॅस्टिकवरही छापणे सोपे झाले.

मात्र इतकी घट्ट बसलेली शाई रद्दीतून काढणे कठीण जाते. पाण्यात मिसळणाऱ्या इंकजेट शायांचीही वेगळी अडचण आहे. रद्दीच्या लगद्यात हवेचे बुडबुडे सोडून शाई वर आणतात, त्या बुडबुड्यांना या शायांचे बारीक कण नीट चिकटत नाहीत. मुरणे, उडून जाणे, ऑक्सिजनशी संयोग, रेणूंची जोडणी हे वाळण्याचे चार मार्ग आपण पाहिले. कागदाला न दुखवता वाळणारी आणि काम संपल्यावर त्याला सहज सोडणारी शाई कशी असावी? विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याजोगा हा खरा प्रश्न आहे.