क्राफ्ट बिअर ‘चाखायची’ म्हणजे नेमकं काय करायचं? आणि आपल्याला खरंच फरक कळतो का?

समोर तीन ग्लास. दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. डोळ्यांवर ओढणी बांधलेली. वेगळी कोणती, एवढंच सांगायचं.

पुण्यात एका मित्राच्या घरी आम्ही चौघांनी हा खेळ केला. दोन्ही लागर होत्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या. त्याआधी वर्षभर मी प्रत्येक बिअरच्या नोंदी वहीत लिहीत होते, स्टार देत होते, ‘ही जरा जास्त क्रिस्प आहे’ असं मित्रमंडळींना ऐकवत होते. चौघांपैकी बरोबर ओळखणारा एकच निघाला आणि तो एरवी ताकच पितो.

या खेळाला ट्रँगल टेस्ट म्हणतात. खाद्यपदार्थ बनवणाऱ्या कंपन्या ती नेहमी वापरतात. नुसता अंदाज ठोकला तरी तीनात एकदा बरोबर येणारच, त्यामुळे एकदा जमलं म्हणजे काही सिद्ध होत नाही. मी नंतर तीच जोडी सहा वेळा चाखली, दोनदा बरोबर आली. म्हणजे अंदाजाइतकीच. पण गव्हाची बिअर आणि पिल्सनर अशी जोडी घेतली तेव्हा सहाही वेळा बरोबर. थोडक्यात, प्रकारांमधला फरक नवख्यालाही कळतो. एकाच प्रकारातल्या दोन ब्रँडमधला फरक आपल्याला बहुतेकदा लेबल सांगत असतं.

आणि यात फक्त आपणच फसतो असं नाही. फ्रान्समध्ये बोर्दोला संशोधकांनी ५४ जणांना पांढरी वाइन दिली, त्यात चव नसलेला लाल रंग मिसळून. हे वाइनचाच अभ्यास करणारे विद्यार्थी होते. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनला लावतात त्या शब्दांत केलं. हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला.

आधी प्रकार समजून घ्या

बिअरची दोन मोठी घराणी आहेत, एल आणि लागर. फरक रंगाचा नाही, यीस्टचा आहे. एलचं यीस्ट साधारण १५ ते २४ अंश तापमानात काम करतं आणि फळांसारखे वास तयार करतं. लागरचं यीस्ट थंडीत, सावकाश काम करतं, म्हणून ती स्वच्छ, साधी लागते. काळीकुट्ट लागर असते आणि फिकट एलसुद्धा असते. आपल्या वाइन शॉपमधल्या बहुतेक बाटल्या लागरच्या. सोनेरी, पारदर्शक पिल्सनर हाही लागरचाच प्रकार, १८४२ मध्ये आजच्या चेकियातल्या पिल्सेन शहरात जन्मलेला.

महाराष्ट्रात एल, गव्हाची बिअर, स्टाउट हे शब्द रुळले ते मायक्रोब्रुअरी आल्यावर. पुण्यात डूलाली २००९ मध्ये सुरू झाली, मग मुंबईतही एकेक नाव आलं. (महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं आणि परवानाही लागतो. एक दिवसाचा मिळतो, पण तो घेतो कोण, हा वेगळा लेख होईल.)

नाकाचं काम जिभेपेक्षा जास्त

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच कळतं. बाकी ज्याला आपण ‘चव’ म्हणतो तो वास असतो. सर्दीत जेवण बेचव लागतं ते यामुळेच. म्हणून ग्लास काठोकाठ भरायचा नाही. अर्धा रिकामा ठेवायचा, हलका फिरवायचा, एक-दोनदा छोटा वास घ्यायचा. मग घोट घेऊन गिळल्यावर नाकानं श्वास सोडायचा. ही शेवटची पायरी सगळे विसरतात, आणि खरी गंमत तिथेच आहे.

जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये, म्हणजे हेफेवाइझनमध्ये, पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात ना केळं असतं ना लवंग. यीस्ट आयसोअमाइल ॲसिटेट नावाचं द्रव्य तयार करतं आणि तेच पिकलेल्या केळ्याच्या वासातही असतं. बेल्जियन विटमध्ये मात्र खरेच धणे आणि संत्र्याची साल घालतात. घरात धणे भाजताना शेजारी उभं राहिलेल्या कुणालाही ते ओळखता येतील. स्टाउटमधला कॉफीचा वास बहुतेकदा कॉफीचा नसतो, खरपूस भाजलेल्या सातूचा असतो.

इथे माझी एक चूक सांगते. आयपीएच्या नोंदीत मी ‘पाइन’ लिहायचे, कारण ॲपवर सगळे तेच लिहितात. पाइनचं झाड मी आयुष्यात जवळून हुंगलेलं नव्हतं. आता मी पपनस, कैरीची साल, गवती चहा असे शब्द लिहिते. वास ओळखायला आठवण लागते, आणि ती आपल्याच स्वयंपाकघरातली असली तर पुढच्या वेळी उपयोगी पडते.

बिघाडही नाकालाच कळतो. लागरला उकडलेल्या मक्याचा वास, लोण्याचा वास (लोण्यातलंच डायअसिटिल), पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास. हा शेवटचा जुन्या, उष्णतेत पडून राहिलेल्या बिअरचा. आपल्याकडच्या मे महिन्यात तो अनोळखी राहत नाही. चौथा बिघाड उन्हाचा. हॉप्समधल्या द्रव्यांवर प्रकाश पडला की उग्र वास सुटतो, म्हणून बाटल्या तपकिरी असतात. खात्री करायची तर एकाच बिअरचे दोन ग्लास घ्या, एक पंधरा-वीस मिनिटं उन्हात ठेवा, मग दोन्ही हुंगा. मी केलंय. दुसरा ग्लास कुणी संपवला नाही.

तुलना करायची तर

फिकीकडून गडदकडे आणि कमी कडूकडून जास्त कडूकडे जायचं. उलटं केलं तर आयपीएनंतर पिल्सनर पाण्यासारखी लागते. मेनूवर आयबीयू हा आकडा दिसेल. तो कडवटपणा आणणाऱ्या द्रव्यांचं प्रमाण सांगतो, जिभेला तितकंच कडू लागेल असं नाही. माल्टचा गोडवा जास्त असेल तर ४० आयबीयूची स्टाउट ३० च्या पिल्सनरपेक्षा सौम्य वाटू शकते.

बर्फासारखी गार बिअर उन्हाळ्यात छान लागते, पण गारठ्यात वास दबतो. लागर फ्रिजमधून काढून पाच मिनिटांनी, स्टाउट पंधरा-वीस मिनिटांनी चाखा. मध्ये साधं पाणी आणि बिनमिठाचा पाव. चकली, मसाला शेंगदाणे, चिवडा हे सगळं चाखून झाल्यावर. हा नियम पाळून घ्यायला मला सगळ्यात जास्त भांडावं लागतं.

गुण द्यायचे असतील तर स्पर्धांमधले परीक्षक वापरतात ती बीजेसीपीची ५० गुणांची पद्धत पाहा. वासाला १२, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५, एकूण मताला १० आणि दिसण्याला फक्त ३. इन्स्टावर आपण ज्या फेसाचे फोटो टाकतो तो या तिनात येतो.

चार प्रकार चाखायला प्रत्येकी १०० मिली पुरतात. तरी ५ टक्क्यांच्या हिशेबानं त्यात २० मिली शुद्ध अल्कोहोल झालं, म्हणजे ३३० मिलीच्या एका पाइंटपेक्षा जास्त. गाडी चालवताना कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे. आमच्याकडे त्या दिवशी चाव्या ताक पिणाऱ्याकडे असतात.

त्यालाच ग्लास भरायलाही सांगतो, कारण कोणत्या ग्लासात काय आहे हे चाखणाऱ्यांपैकी कुणालाच माहीत नको. मागच्या वेळी त्यानं तिन्ही ग्लासांत एकच बिअर भरली होती. मी ‘मधली वेगळी’ म्हणाले.